पारख्याची होडी

डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडाला धरून "आता शेती बंद" असं सांगितलं, तेव्हा दगडोबांनी एकच प्रश्न विचारला, "मासे धराया गुडघा लागतो का?"

"बसून धरले तर नाही लागत," डॉक्टर म्हणाले.

दगडोबांना तेवढंच हवं होतं. महिन्याभरात त्यांनी रान वाट्यानं दिलं, बैलजोडी मेव्हण्याच्या दावणीला बांधली आणि मुखेडजवळच्या आपल्या वाडीतल्या पाझर तलावासाठी एक छोटी होडी घ्यायचं जाहीर केलं.

आता दगडोबा म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. पंचक्रोशीत कुणालाही देवणी बैल घ्यायचा असला की आधी दगडोबांना बाजाराला न्यायचं, हा रिवाजच होता. दात, खूर, वशिंड, चाल बघून झाली की ते जनावराच्या पाठीवर एकदा हात फिरवत आणि "घ्या" म्हणत. मग घेणारा डोळे झाकून घेई. चाळीस वर्षांत त्यांनी घेतलेला एकही बैल खोटा निघाला नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतःच अधूनमधून सांगत असल्यामुळे कुणी विसरतही नसे. येत्या सोमवारीसुद्धा वाडीतले किराणावाले गुरुबसप्पा जावयासाठी जोडी बघायला त्यांना देवणीच्या बाजाराला नेणार होते.

"होडीतलं कळणारं कुनीतरी संगं न्या की," सिंधुबाई म्हणाल्या.

"कामून? मला कळत न्हाई व्हय?"

"तुमाला बैल कळतेत."

"जनावर काय अन् होडी काय! पारख एकच असती."

नांदेडला गोदावरीच्या बाजूला अश्वजित नावाच्या तरुणाची होड्या बनवायची शेड होती. दगडोबांनी तिथं बाजार भरल्यासारखीच पाहणी सुरू केली. पहिली होडी लांब, निमुळती आणि हलकी होती. त्यांनी तिला बोटानं ढकललं, तशी ती डुगडुगली. "ही माजलेलं खोंड हाय. जवान मानसानं घ्यावी." दुसरी हवा भरायची, रबराची होती. ती त्यांनी दोनदा दाबून पाहिली. "हिच्यात हाडच न्हाई." तिसरी मात्र आखूड, बुडाला सपाट आणि छातीला रुंद होती. दगडोबा तिच्याभोवती तीनदा फिरले, वाकून खालून बघितलं, नको तिथं वास घेतला आणि शेवटी पाठीवर हात फिरवला.

"घ्या," ते स्वतःलाच म्हणाले.

"बरोबर निवडली, मामा," अश्वजितनं मान डोलावली. "थांबलेल्या पान्याला आन् तुमच्या वयाला हीच चांगली. आता बसायचं कसं तेवढं दाखवतो."

"लेकरा, चाळीस साल गाडी हाकलोय. मला बसाया नको शिकवूस."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून होडी वाडीत आली, तेव्हा पोळ्याला जमावी तशी माणसं तलावावर जमली. सिंधुबाईंनी होडीच्या टोकाला हळदीकुंकू लावलं. बैलांची घुंगरमाळ घरात राहिली होती, तीही बांधली. गुरुबसप्पा दुकान बंद करून आले होते. "आमच्यात मासळी चालत न्हाई," ते म्हणाले, "पर बघाया काय हरकत हाय?"

दगडोबांनी धोतराचा सोगा खोचला, गळ शेजारी ठेवला आणि होडीच्या निमुळत्या टोकाकडं तोंड करून ते ऐटीत बसले. समोर अख्खा तलाव होता. चार जणांनी होडी पाण्यात लोटली. दगडोबांनी दोन्ही वल्ही जोरात आपल्याकडं ओढली.

होडी सरळ मागं आली आणि धप्पकन काठाला टेकली.

"ही मागं सरून राहिली की वो!" गुरुबसप्पा म्हणाले.

"नवी हाय. बुजली," दगडोबांनी होडीला थोपटलं. "पानी वळखू द्या."

पुन्हा लोटली, पुन्हा ओढली. होडी पुन्हा काठावर. तिसऱ्या वेळी दगडोबांनी असा काही जोर लावला की होडी काठावर चढून गुरुबसप्पांच्या चपलांपर्यंत आली. लोक आता तोंडावर उपरणी धरून हसत होते. गुरुबसप्पांनी मात्र हसायचं सोडून विचार सुरू केला होता आणि तेच जास्त वाईट होतं.

"दगडोबा, सोमवारचं जरा ऱ्हाऊ द्या," ते हळूच म्हणाले. "जावयाला इचारतो आन् मग बघू."

चाळीस वर्षांची अब्रू अशी चिखलात बसत होती. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, अश्वजितला लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"तुझी होडी खोडीची हाय! फुडं जातच न्हाई!"

"मामा, टोकाकडं तोंड करून बसलाव का?"

"मग काय पाठ करून बसू?"

"हाव! पाठच करायची. जिकडं जायचं, तिकडं पाठ करून वल्हं वढायचं."

सगळा काठ खदखदून हसला. दगडोबांनी फोन बंद केला. होडी परत करावी, तर पारख चुकली असं होणार. उलटं बसावं, तर गाडी हाकणाऱ्याची शान जाणार.

"बैलाकडं पाठ करून कोन गाडी हाकतंय?" ते गरजले. "म्या जिंदगीत एकदाबी हाकली न्हाई. घेऊन जा ही होडी!"

"एकदा हाकली होती," सिंधुबाई म्हणाल्या.

सिंधुबाई लुगडं खोचून पुढं आल्या आणि होडीच्या मागच्या फळीवर जाऊन बसल्या.

"मला बघाया आल्ताव तवा. जाताना गाडीत उलटं बसून आमच्या दाराकडं बघत ऱ्हायलाव. बैल कुटं चाललेत, कायबी शुद्ध न्हाई. आख्खी गाडी मामाच्या तुरीत शिरली."

दगडोबांचे कान लाल झाले. "तुला कुनी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? म्या माळवदावरून बघत होते. तवाच आईला म्हन्ले, ह्योच पायजे."

दगडोबा सावकाश उठले, टोकाकडं पाठ केली आणि सिंधुबाईंच्या समोरासमोर बसले. चौघांनी होडी पुन्हा पाण्यात लोटली आणि त्यांनी वल्ही ओढली. घुंगरमाळ छुमछुमली आणि होडी तलावात सरळ, संथ निघाली. जरासुद्धा डुगडुगली नाही. अभिमानानं त्यांची छाती अशी भरून आली की वल्हं मारायला जागा उरेना. होडी चांगली होती, आणि समोर बसलेलीही.

"सोमवारी पैल्या येष्टीनं निघू!" गुरुबसप्पा काठावरून ओरडले.

"निघू!" दगडोबांनी नजर न हलवता उत्तर दिलं.

"अवं, फुडं बुडलेली बाभळ हाय," सिंधुबाई म्हणाल्या. "डावीकडं घ्या."

"हं."

"डावीकडं म्हन्ते! माझ्याकडं काय बघून राहिलाव?"

होडी धाडकन बाभळीत घुसली. काठावरून मोठा ओरडा झाला. दगडोबांनी होडी चाचपून पाहिली. साधा चरासुद्धा नव्हता.

"बघितलं का, अप्पा?" त्यांनी काठाकडं बघून हाळी दिली. "बाभळ मोडली, पर होडी हालली न्हाई! ह्याला म्हन्तेत पारख!"

सिंधुबाई पदरातला काटा काढत म्हणाल्या, "तवाची तूरच बरी होती."