सामुदायिक तेलखरेदी आणि तिसरं 'नको'

माणूस किती सुसंस्कृत आहे हे तो 'हो' म्हणायला किती उशीर लावतो यावरून ठरवावं, असं आमचं नम्र मत आहे. या बाबतीत मराठी माणूस जगात कुणाला हार जाणार नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आमच्या 'उत्तर सीमा मराठी तेल मंडळा'चं १९८४ सालचं इतिवृत्त वाचावं. ते मीच लिहिलेलं आहे (मी चिटणीस होतो, नको नको म्हणतानाच झालो).

न्यू यॉर्क राज्य म्हटलं की लोकांना उंच इमारती आठवतात. आम्ही त्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडाच्या वेशीवर होतो. तिथे गाई होत्या, कागदाची गिरणी होती, एक इस्पितळ होतं आणि चाळीस मैलांत विखुरलेली नऊ मराठी घरं होती. प्रत्येक घराच्या तळघरात पावणेतीनशे गॅलनची टाकी. टाकीत तेल असेल तर भट्टी चालते आणि घर गरम राहतं. तेल संपलं की आधी नळ गोठतात आणि मग माणसं, असा तिथला क्रम आहे.

एकाच दिवशी सगळ्यांनी मिळून पंधराशे गॅलन घेतले तर भावात सूट मिळेल, असं तेलकंपनीने कळवलं. आमच्या अमेरिकन शेजाऱ्यांनी चर्चच्या आवारात उभ्याउभ्या दहा मिनिटांत यादी केली आणि घरी गेले. घटना नाही, अध्यक्ष नाही, आभारप्रदर्शन नाही. आम्हाला त्यांची कीव आली. आम्ही तीन सभा घेऊन घटना मंजूर केली. अध्यक्षपदी इस्पितळातले डॉक्टर हेमचंद्र आले. कलम सात असं होतं की, कुणीही मंडळाला वगळून एकट्याने तेल मागवू नये (मागवल्यास ती फितुरी समजण्यात येईल).

मग प्रत्येक घरी अर्ज गेला. प्रश्न एकच होता: 'आपल्याला किती तेल लागेल?' आलेली उत्तरं जशीच्या तशी देतो. 'आमचं काय, दोघंच आहोत.' 'बाकीचे घेतील त्याच्या निम्मं.' 'थोडंसंच, चवीपुरतं' (या बाईंना बहुधा कुठलं तेल ते कळलं नव्हतं). कागदाच्या गिरणीतला इंजिनियर गुरुदत्त याने 'इतरांचं होऊन उरलं तर' असं लिहिलं. त्याच्या घरी बायको प्रतिमा, दोन महिन्यांचं बाळ आणि बाळंतपणासाठी भुसावळहून आलेल्या सासूबाई, कमलाबाई, एवढी माणसं होती. टाकी तळाला गेली होती.

एकूण मागणी एकशे दहा गॅलन भरली. तेव्हा एक आग्रह उपसमिती नेमली. तिने घरोघरी फिरून 'अहो घ्या हो, एवढ्याने काय होतंय' असा आग्रह केला आणि आकडा सोळाशेवर नेला.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी टँकर आला. वॉल्टर नावाचा सहा फुटी ड्रायव्हर आधी आमच्या दारात उभा राहिला. टाकी भरू का, असं त्याने विचारलं. मी रीतीप्रमाणे "नो नो, इट्स ओके" म्हटलं. तो "ओके" म्हणाला आणि गेला! मी दारात उभा, दुसऱ्यांदा काय म्हणायचं ते ओठांवर तयार. नऊही घरी हेच झालं. त्या दिवशीची आकडेवारी: टँकर फिरला अडतीस मैल, 'नको' मिळाले नऊ, तेल वाटलं शून्य गॅलन.

तातडीची सभा झाली.

"एकदा विचारून कुणी जातं का यार?" हेमचंद्र संतापले. "ही इज सो रूड! घरी काही शिकवलं नाही का त्याला?"

"पण डॉक्टर, आपणच नको म्हटलं ना?" गुरुदत्तने विचारलं.

"ते म्हणायचं असतं!"

किती वेळा विचारावं यावर चार तास चर्चा झाली. पुण्याच्या सभासदांना एकदा पुरेसं वाटत होतं. नागपूरकरांचं म्हणणं, विचारायचं कशाला, सरळ ओतावं. शेवटी तीनवर तडजोड झाली आणि कंपनीला पत्र गेलं: 'ग्राहकाचे पहिले दोन नकार ही तत्त्वतः संमती समजून तिसऱ्यांदा विचारण्यात यावे.' कंपनीने दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

मधल्या काळात पारा शून्याखाली वीसवर उतरला. गुरुदत्तच्या टाकीची पाहणी करायला आम्ही सहा जण गेलो. दार उघडलं तर आतही बाहेरचीच हवा. त्याने "कोट काढा ना" म्हटलं. आम्ही "नको, निघायचंच आहे" म्हटलं. बोलताना सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. ती कुणालाही दिसली नाही, इतके आम्ही सभ्य.

"तेलाचं कसं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"आहे की. मॅनेज होतंय," गुरुदत्त म्हणाला.

स्वयंपाकघरात विजेच्या शेगडीसमोर कमलाबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाळाला दोन शाली, वर प्रतिमाचा शालू. नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता, तो निळसर. मी ते इतिवृत्तात 'आयत्या वेळचे विषय' या सदरात नोंदवलं.

"अहो, चार दिवस पोराला अंघोळ नाही," कमलाबाई म्हणाल्या. "ते तेल कधी येणार?"

"येईल हं काकू," अध्यक्ष म्हणाले, आणि चहाला नको म्हणून आम्ही निघालो.

ठरल्या दिवशी टँकर आला. वॉल्टरने आमचं पत्र काचेला चिकटवलं होतं. माझ्या दारात त्याने एका दमात विचारलं, "भरू? भरू? भरू?" मी पहिल्याला "नो नो" म्हणेपर्यंत तिन्ही होऊन गेले होते. तिन्हींना मिळून माझा एकच नकार लागू झाला आणि टँकर पुढे गेला. आठ घरी हाच प्रकार.

नवव्या घरी दार कमलाबाईंनी उघडलं. गुरुदत्त कामावर गेला होता, प्रतिमा तापाने झोपली होती. बाईंचं इंग्रजी दोन शब्दांचं. वॉल्टरने पहिलं "भरू?" म्हणताच त्या म्हणाल्या, "यस. फुल." तेल आत पडत असेपर्यंत टाकीच्या नळीत शिट्टी वाजते; ती टाकी काठोकाठ भरल्यावरच थांबली.

ही बातमी तासाभरात चाळीस मैल पसरली. एकदा विचारलं आणि लगेच हो? तेही वयाने मोठ्या, घरंदाज बाईने? पंधराशे गॅलन न भरल्यामुळे कंपनीने सूट रद्द केली, ते दुःख वेगळंच.

निषेधाची सभा त्याच संध्याकाळी गुरुदत्तकडे ठेवली (बाकीच्या आठ घरी बसवत नव्हतं). आम्ही बायकामुलांसकट गेलो, सहज म्हणून, आणि चार दिवस राहिलो. आत कोट काढावे लागले. बाळ नुसत्या झबल्यात पाय झाडत होतं, गालांवर रंग आला होता, अंगाला वेखंडाचा वास. कमलाबाईंनी कुणालाही न विचारता प्रत्येकाच्या हातात गरम चहा ठेवला. तो पिऊन आम्ही ठराव मांडला: 'सदर सभासदाच्या सासूबाईंनी प्रथम विचारणेस होकार देऊन मंडळाच्या संस्कृतीस बाधा आणली, सबब निषेध.' गुरुदत्तनेही हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला.

वाचकहो, तुम्ही बाईंच्याच बाजूचे असणार, हे मी जाणतो. पण खरं सांगा, बाळ गारठलेलं असलं तरी बाईंनी निदान एकदा नको म्हणायला हवं होतं, असं क्षणभर तुम्हालाही वाटलंच ना?