पिंपातल्या मुलीची नेमणूक

"पोर चांगली रुंद हाडाची होऊ दे गं बाई," मार्नी पोटात असताना नवऱ्याच्या मावशीने मला बजावलं होतं. "बारीक पोरी या गावात पिंपात जातात." मी कॉलेजात शिकलेली, हसले.

ज्या गावाला एक अमर पुस्तक लाभतं, त्याला पुढे दुसरं काही सुचावं लागत नाही. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या आमच्या बंदराला शंभर वर्षांपूर्वी असं पुस्तक लाभलं: हेरिंग माशांच्या रिकाम्या पिंपात राहणाऱ्या बेथिया नावाच्या अनाथ मुलीचं. त्यावर चार चित्रपट, बर्फावरचं एक नृत्यनाट्य आणि एक कार्टून मालिका निघाली (तीत बेथिया अंतराळात जाते, पिंपासकट). गावात बेथिया बेकरी आहे, बेथिया टायर्स आहे. अंत्यविधीवाले पिंपाच्या आकाराची शवपेटीही देतात. (उंच माणसांच्या घरून तक्रारी येतात.) मासे आता मिळत नाहीत, पण पिंपं मुबलक; प्रगती म्हणतात ती हीच.

दर उन्हाळ्यात महोत्सव समिती एका मुलीला बेथिया नेमते. तिने धक्क्यावरच्या पिंपात बसायचं आणि फक्त पुस्तकातल्या वाक्यांत बोलायचं. नियम एकच, आणि अत्यंत न्याय्य: पिंपात मावेनाशी झाली की निवृत्ती. गेल्या वर्षीची बेथिया ऑगस्टमध्ये अडकली, करवतीने काढावी लागली. आता तिला कोणी ओळख देत नाही. मार्नीने ते पाहिलं होतं. यंदा तिची नेमणूक झाली, आणि तेव्हापासून ती धड जेवत नाही.

"दोन घास खा गं, चिमणे."

"मला भूक नाही, मला समुद्र आहे." (प्रकरण तिसरं.)

मी समितीच्या विनिफ्रेडबाईंकडे जाऊन हे सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. "अगं, काय गोड म्हणते ती!"

"आजारी पडेल हो ती."

"पुस्तकातही पडतेच की. प्रकरण नववं. त्या आठवड्याची तिकिटं केव्हाच संपली."

शेवटी मी तिला उचलायलाच गेले. पुस्तकात अनाथाश्रमाची बाई अशीच येते, त्यामुळे पाहुण्यांनी माझी हुर्यो उडवली. मार्नीनेही. समितीला प्रसंग इतका आवडला, की आता तो रोज दुपारी ठेवलाय. अनाथाश्रमाची बाई म्हणून विनिफ्रेडबाईंची भाची येते, आणि मला दोरीपलीकडे उभं करतात.

तुम्ही याल. तुमच्याही मुलांना ते कार्टून आवडतं. दोरीच्या आत तिकीटवाल्यांनाच सोडतात, म्हणून सांगते: ती समुद्राचं वाक्य म्हणाली की लगेच टाळ्या वाजवू नका. आधी पिंपात वाकून बघा. तिच्या पायाशी ठेवलेलं सँडविच अजून अख्खं आहे का, तेवढं मला येऊन सांगा.