जॉर्जीनच्या भत्त्यातला वॉल्ट

"लिहिलं बाई एकदाचं तुझं नाव," जॉर्जीन म्हणाली.

राज्य सरकारची बेकारभत्त्याचा अंदाज सांगणारी वेबसाइट उघडून ती सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ठाण मांडून बसली होती. केचपच्या कारखान्याने तिची बावीस वर्षांची नोकरी एका मेसेजवर संपवली होती. आता मॅनेजर ब्रेंट केलर तिला अर्ध्या पगारावर परत बोलावत होता. भत्त्यात घरखर्च भागला, तर त्याला ठणकावून 'नाही' म्हणता येणार होतं. नाहीतर मुकाट्याने जाणं आलं, आणि मुकाट्याने जाण्यातली ती नव्हेच.

"कुठे लिहिलंस नाव?" तिच्या नवऱ्याने, वॉल्टने, विचारलं.

"माझ्यावर अवलंबून असलेल्यांत. बघ, आकडा कसा चढला! तुझ्या जोरावर घराचा हप्ता सुटतोय."

वॉल्टचा कॉफीचा मग टेबलावर आदळला. "मी? अवलंबून? अगं, माझा धंदा आहे धंदा!"

धंदा म्हणजे गॅरेजात गांडुळं पाळायची आणि तळ्यावर मासे धरायला जाणाऱ्यांना गळासाठी विकायची. दारावर आपलं आडनाव घालून 'नोविकी अँड कंपनी' अशी झोकदार पाटी होती. कंपनीत वॉल्ट होता आणि एक जुना फ्रिज होता.

"नवऱ्याची कमाई किरकोळ असेल तरच नाव चालतं," जॉर्जीन म्हणाली. "सांग, आठवड्याला किती सुटतात?"

"तसं काय... हंगामावर असतं."

तेवढ्यात मागच्या दाराने ड्वेन आत आला. वॉल्टचा जिवलग दोस्त, त्यामुळे वॉल्टला हायसं वाटलं. "ड्वेन, सांग रे हिला माझा धंदा कसा चाललाय!"

"जोरात, वहिनी! आठवड्याला पाचशे डॉलर कुठे गेले नाहीत. वॉल्ट स्वतःच सांगतो ना बारमध्ये!"

जॉर्जीनने चष्मा काढला. "पाचशे? मला तर कधी फुटकी कवडी दिसली नाही. जातात कुठे? कोण आहे ती? नाव काय तिचं?"

"भलतंच काय! कुणी नाहीये!"

"मग पाचशे कुठायत?"

वॉल्टची पुरती गोची झाली. पैसे आहेत म्हणावं तर बाई ठेवल्याचा आळ, नाहीत म्हणावं तर गावभर मारलेल्या थापा उघड्या पडणार. ड्वेनने टेबलावरचा डोनट उचलला आणि आल्या पावली पळ काढला.

"विक्रीचे पैसे गांडुळांच्या खाद्यालाच जातात," वॉल्ट शेवटी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"अवलंबून आहे मी! राहू दे नाव! पण गावात कळलं तर बघ!"

"माझ्या तोंडून नाही कळणार," जॉर्जीन म्हणाली, आणि तिने तिथल्या तिथे भत्त्याचा अर्ज पाठवून लगेच ब्रेंटला फोन लावून कळवलं की तुझी नोकरी तुझ्या केचपात बुडव.

शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचा बेत होता. ईस्टरआधीच्या शुक्रवारी मटण-चिकन वर्ज्य, मासे चालतात, त्यामुळे अख्खं गाव पंगतीला. ब्रेंट रांगेतूनच ओरडला, "काय जॉर्जीन, सरकारच्या जिवावर बसून खाल्लं की मासे जास्तच गोड लागतात, नाही?"

सगळ्यांच्या माना वळल्या. जॉर्जीनचे कान लाल झाले. एरवी फाडफाड बोलणारी बाई, पण तिने मान खाली घालून ताटातला मासा चिवडायला घेतला. तिच्याशेजारची खुर्ची मागे सरकली आणि वॉल्ट उभा राहिला.

"ए ब्रेंट! सरकारच्या जिवावर कोण रे? तो भत्ता तिच्या कष्टाच्या पगारावर काढलाय. हिच्या जिवावर बसून खाणारा मी आहे, मी! गांडुळांत मला छदाम सुटत नाही, ऐका सगळ्यांनी! सरकारदरबारी रीतसर नोंद आहे माझी!"

कुणीतरी फिसकन हसलं. वॉल्टने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आणि तू? ती गेल्यापासून तुझं मशीन दोनदा बंद पडलं. बावीस वर्षं तुझा कारखानाही हिच्याच जिवावर चालला ना? फरक एवढाच, तुझी नोंद नाही!"

हॉलमध्ये जो हशा पिकला, त्यात ब्रेंट ताट घेऊन कधी सटकला ते कुणाला कळलंही नाही. वॉल्ट मात्र तसाच उभा होता. जॉर्जीनने आपल्या ताटातला मोठा तुकडा उचलून त्याच्या ताटात वाढला.

"बस आता खाली," ती म्हणाली. "निवांत खा. माझ्याच पैशाचं आहे."