हसऱ्या कारभाऱ्याची व चोरदरवाजाबाहेरील हंगामींची हकीकत

प्रथम नमन कारभारी यांचे भुवईस. ती खाली असता दिवस सुखाचा, ती वर चढली असता दिवस हातचा गेला, आणि ती हलेनाशी झाली असता काय होते, ते सांगण्याकरिता हा लेखनाचा खटाटोप. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सरे, एका राज्यात एका गडावर जे वर्तमान जाहले, ते पाहिले व ऐकिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव मुद्दाम लिहिले नाही. वाचणारास ते आपलेच वाटेल.

गड थोर, तट बुलंद, आणि गडावर आबदारखाना, म्हणजे दरबारचे पिण्याचे पाणी पाहणारे खाते. झऱ्याचे पाणी कावडीने वर आणावे, फडक्याने गाळावे आणि रांजणात भरावे, इतकेच काम. परंतु ते करणारी माणसे दोन प्रकारची, एक कायम आणि दुसरी हंगामी. झरा एक, चढ एक, कावडीचे ओझे एक, आणि घाम तपासून पाहिला असता तोही एकच निघाला असता. भेद इतकाच की कायमांचे गळ्यात तांब्याचा बिल्ला असे आणि हंगामींचे गळ्यात नुसता दोरा. पुढेमागे बिल्ला मिळालाच तर ओवावयास अडचण पडू नये, म्हणून दोरा आधी देत. कायमास तटाखाली राहावयास खोली असे आणि आजारी पडला तरी भाकर चालू राही. हंगामीने दिवे लागणीस गड उतरावा, आणि आजारी पडणे असल्यास गडाखाली पडावे. आणि हंगामी हा चुकून कायम होऊ नये याकरिता पूर्वीच्या शहाण्या लोकांनी एक तजवीज करून ठेविली होती. ती ऐसी की, वर्षातून एक दिवस हंगामीस मागल्या बाजूच्या चोरदरवाजाने बाहेर घालावे, आणि दुसरे दिवशी महादरवाजाने नवा मनुष्य म्हणून आत घ्यावे, म्हणजे मागली सारी चाकरी मागल्या दारी सांडून जाते. आणि जो कोणी महादरवाजात उभा राहून ‘मी पूर्वी येथे होतो’ असे म्हणेल, त्यास आत घेऊ नये, कारण त्याचा हक्क लागतो.

आबदारखान्यात भिवराबाई म्हणून एक हंगामी बाई होती, ती या रीतीने कित्येक वर्षे नवी येत होती. महादरवाजावर सुभानजी पहारेकरी, तिच्याच गावचा, तिच्या लग्नात पंगतीला वाढलेला. तो भाला आडवा धरून विचारी, “कोण बाई तुम्ही?” ती म्हणे, “परगावची.” “पूर्वी कधी गडावर आला होता?” “नाही दादा, गड कसला असतो तेही ठाऊक नाही.” “बरे, या आत.” आणि भाला बाजूस करता करता तो हळूच म्हणे, “अक्का, परवा तुझी चुंबळ इथंच राहिली बघ. पहाऱ्याच्या कोनाड्यात ठेवलीय.” या बाईस ठकू नावाची एक लहान मुलगी. बाई पहाटे निघे तेव्हा ठकू निजलेली, आणि परत येई तेव्हाही निजलेली. मुलीस जागी पाहण्याचा दिवस वर्षातून एकच, तो चोरदरवाजाने बाहेर घातल्याचा. म्हणून बाईस बिल्ला हवा होता, आणि बिल्ल्याहून तटाखालची खोली हवी होती.

त्या काळी आबदारखान्याचे कारभारी लिंगोपंत. ते तापट, उठल्याबरोबर ओरडत, ओरडून दमले की लोटा फेकीत, आणि लोटा फेकताना कायम कोण व हंगामी कोण हे पाहात नसत, इतका न्याय त्यांचे ठायी होता. दोन प्रहरी जेवण जाहले की सकाळचे काही स्मरत नसे. मग लोकांनी आपसांत एक सोय करून घेतली. पंतांस तोंड धुवावयास पाणी भिवराबाई देई, आणि त्यांची भुवई पाहून परतताना रिकामी घागर उजव्या खांद्यावर घेतली तर आज निभावेल, डाव्या खांद्यावर घेतली तर बेताने असावे, आणि डोक्यावर घेतली तर कोणी समोर जाऊ नये. तटावरून, टाक्यावरून, पागेतून सर्वजण त्या घागरीकडे पाहात आणि त्याप्रमाणे आपला दिवस बेतीत. आणि एके दिवशी घागर डोक्यावर जाण्याजोगी भुवई असता लिंगोपंत तिच्यावरच कडाडले, “काय गं, अजून नुसता दोराच? किती वर्षं झाली तुला?” बाई म्हणाली, “ते सांगायची बंदी आहे जी.” तेव्हा पंत लोटा आपटून बोलिले, “बंदी गेली खड्ड्यात! पुढल्या खेपेस त्या चोरदरवाजातून गेलीस तर तंगडी मोडीन, ध्यानात ठेव!” असे वचन त्या बाईस तोवर कोणी दिले नव्हते. ती रडू आवरीत गेली, आणि घागर कोणत्या खांद्यावर घ्यावी हे तिला त्या दिवशी कळले नाही.

परंतु चैत्रमासी महाराजांच्या कानी गेले की आबदारखान्यात फार आरडाओरड असते आणि त्याने लोकांच्या चित्तास क्लेश होतात. महाराज कनवाळू, त्यांनी लोकांस न विचारता लोकांचे सुख करावे असे मनात आणिले, आणि लिंगोपंतांस दूरच्या ठाण्यावर पाठविले, आणि त्यांचे जागी विसोपंत म्हणून गृहस्थ नेमिले. हे दूर देशी राहून समाधानाची विद्या शिकून आले होते आणि सदोदित हसत. झोपेतही हसत, असे त्यांचे खिजमतगार शपथेवर सांगतात. त्यांनी पहिले दिवशी सर्वांस सदरेपुढे बोलाविले आणि हात जोडून म्हणाले, “आपण सर्व एक कुटुंब आहोत.” तेव्हा मानकोजी घोलप म्हणून जुना कायम पाणक्या होता, तो शेजारच्यास म्हणाला, “आता भांडण वाटण्यांपर्यंत जाणार.”

मग विसोपंतांनी समाधानाचा रांजण मांडिला. रोज संध्याकाळी प्रत्येकाने त्यात एक खडा टाकावा, सुखी असल्यास पांढरा, दुःखी असल्यास काळा, आणि कोणावर दडपण येऊ नये म्हणून रांजणाजवळ स्वतः विसोपंत हसत बसावेत, आणि खडा टाकणाऱ्याचे नाव प्रेमाने विचारावे. कायमांस दोन्ही रंगांचे खडे दिले. हंगामींस केवळ पांढरे दिले, कारण दुःख करण्याचा हक्क अद्याप त्यांस लागला नव्हता. रांजण रोज पांढरा शुभ्र निघे, आणि विसोपंत त्याचे वर्तमान महाराजांस कळवीत, आणि महाराजांस आनंद होई. एकदा तळाशी एक काळा खडा निघाला, तेव्हा पंत हसून म्हणाले, “हा ज्या बांधवाचा असेल त्याने मोकळेपणाने पुढे यावे, मला त्याची काळजी वाटते.” कोणी पुढे आले नाही. दुसरे दिवसापासून काळे खडे कोणी घरी नेले, कोणी झऱ्यात टाकिले.

आणि भिवराबाई रोज पाणी देऊन परतताना घागर उजव्या खांद्यावर घेई, कारण भुवई हलतच नसे. प्रारंभी लोकांस फार सुख वाटले. मग एके सकाळी घागर उजव्या खांद्यावर असता विसोपंतांनी गोंदाजी नावाच्या हंगामीस जवळ बोलाविले, त्याचे पाठीवर हात ठेविला आणि म्हणाले, “गोंदाजी, तुमच्या गुणांस हा गड लहान पडतो.” गोंदाजी धन्य होऊन घरी सांगत गेला, आणि दुसरे दिवशी महादरवाजात त्यास आत घेतले नाही, तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ उलगडला. आणि मानकोजीस पंत म्हणाले, “मानकोजी, तुमचा मला अभिमान वाटतो. तुमच्या जागेवर येण्यास किती जण आतुर आहेत ते पाहिले म्हणजे तुमची थोरवी कळते.” मानकोजीचा बिल्ला शाबूत होता, तरी त्या दिवसापासून तो बिल्ला मुठीत धरून निजू लागला, आणि ज्या हंगामींस तो आपली भाकर मोडून देत असे त्यांचेकडे तिरका पाहू लागला. लोक पूर्वी घागर डोक्यावर पाहून भीत, ते आता उजव्या खांद्यावर पाहून भिऊ लागले.

गडावर नारोबा वैद्य होते, ते मोजल्यावाचून बोलत नसत. त्यांनी लिंगोपंतांचे कारकीर्दीत लोकांच्या नाड्या पाहून ठेविल्या होत्या, त्या पुन्हा पाहिल्या, आणि विसोपंतांकडे जाऊन म्हणाले, “पूर्वी सकाळी नाडी चढे ती दोन प्रहरी उतरे. आता पहाटे चढते ती उतरत नाही. कायमांची थोडी, हंगामींची फार.” विसोपंत प्रसन्न होऊन बोलिले, “उत्साह!” वैद्य म्हणाले, “पोटदुखीही आहे.” पंत म्हणाले, “उत्साह फार झाला की होते.” वैद्य नमस्कार करून परतले.

मग भिवराबाईने धीर करून विचारिले, “पंत, माझ्या बिल्ल्याचं मागल्या कारभाऱ्यांनी तोंडानं सांगितलं होतं.” विसोपंत म्हणाले, “अहो भिवराबाई, बिल्ल्याने का मनुष्य कायम होतो? मन कायम पाहिजे.” बाई म्हणाली, “मन गडावर कायमच आहे जी. अंग तेवढं रोज उतरतं.” पंत इतके हसले की डोळ्यांत पाणी आले, आणि म्हणाले, “महाराज आश्विनात आपले समाधान पाहावयास येत आहेत. तो दिवस गोड गेला की आपले बोलू.”

आश्विनमास आला, ऊन तापले, आणि महाराज उद्या येणार असे वर्तमान आले. तेव्हा विसोपंतांनी विचार केला की महाराजांस केवळ समाधान दिसावे, गळ्यात नुसते दोरे दिसू नयेत. म्हणून सर्व हंगामींचा बाहेर जाण्याचा दिवस तोच ठरविला, आणि पहाटे सर्वांस चोरदरवाजाशी उभे करून म्हणाले, “एक दिवस घरी विश्रांती घ्या. उद्या नव्याने या. जागा किंचित कमी केल्या आहेत, परंतु तुम्ही ते मनाला लावून घेऊ नये.” दरवाजा लागला. मग कोणी विश्रांतीस गेला नाही. उद्या जो आधी पोचेल त्याची जागा, ऐसा हिशेब करून सर्वजण गडाला वळसा घालून महादरवाजापुढे रांग धरून बसले. आणि नव्याने येणाऱ्याने भरल्या कावडीने यावे ऐसी रीत, म्हणून खालच्या झऱ्यावर भरून कावडीही आणिल्या. भिवराबाईस वर्षातला हा एकच दिवस, तो रांगेत जातो हे पाहून तिने शेजारणीस सांगून ठकूस तेथेच आणविले.

दोन प्रहरी महाराज चढ चढून आले, तो घसा सुकलेला, भोई धापा टाकीत आहेत, आणि दरवाजापुढे पाणी घेऊन इतकी माणसे बसलेली. महाराज पाणी मागून प्याले. ते भिवराबाईचे घागरीतले होते, दोनदा गाळलेले. महाराज म्हणाले, “वाळा घातला आहे काय?” बाई म्हणाली, “नाही जी, फडकं स्वच्छ आहे.” इतक्यात विसोपंत वैद्यांसह सामोरे आले. महाराज त्यांस बोलिले, “कारभारी, या बाईस आबदारखान्यात कायम करा.” विसोपंत हसून म्हणाले, “आज्ञा शिरसावंद्य. परंतु महाराज, ही बाई नवखी आहे. अनुभवाशिवाय कायम केले तर जुन्या माणसांच्या मनास लागेल. तिलाच विचारावे.” आणि सुभानजीस खूण केली. सुभानजीने भाला आडवा धरिला आणि खाली पाहून विचारिले, “कोण बाई तुम्ही? पूर्वी कधी गडावर आला होता?” बाईने जाणले की होय म्हटले तर दरवाजा जन्माचा बंद, आणि नाही म्हटले तर उद्या निदान दोरा मिळेल. ती म्हणाली, “नाही दादा. गड कसला असतो तेही ठाऊक नाही.” तेव्हा ठकू तिचा पदर ओढून म्हणाली, “आई, मग तू रोज जातेस कुठं?”

बाईने मुलीचा हात पदरावरून सोडवून आपल्या हातात घेतला. मग म्हणाली, “इथंच येते गं.” आणि महाराजांकडे वळून म्हणाली, “होते मी. दर साली इथं उभी राहून नव्हते म्हटलं. ही पायरी झिजलीय त्यात माझाही पाय आहे.” विसोपंत म्हणाले, “उन्हाने बाईचे चित्त ठिकाणावर नाही.” नारोबा वैद्यांनी बाईचा हात धरून नाडी पाहिली आणि म्हणाले, “संथ आहे. चैत्रापासून प्रथमच.” आणि कोणी सांगितले नसता विसोपंतांचाही हात धरिला, आणि काही न बोलता सोडला. महाराजांनी पहारेकऱ्यास विचारिले, “तू हिला ओळखतोस?” सुभानजीने भाला भिंतीस टेकविला आणि म्हणाला, “हिच्या लग्नात मी जिलबी वाढली जी.” मग रांगेतून एकेक जण उठून म्हणू लागला, “मी होतो,” “मीही होते,” आणि मागून गोंदाजीही, तो चार महिने रोज तेथेच येऊन बसत होता. तेव्हा विसोपंतांची भुवई हलली. ती थोडी हलली, परंतु जिने आयुष्यभर भुवईच पाहिली तिच्या नजरेतून सुटणार नव्हती. भिवराबाईने रिकामी घागर उचलली आणि डोक्यावर घेतली. तटावर बिल्ले घालून समाधानाने उभे केलेले कायम लोक ते पाहात होते. प्रथम मानकोजी खाली उतरला, मग बाकीचे उतरले, आणि येताना आपले काळे खडे घेऊन आले. किती जणांनी ते सांभाळून ठेविले होते हे कोणासच ठाऊक नव्हते.

महाराजांनी न्याय केला, तो ऐसा की भिवराबाईस बिल्ला व खोली द्यावी आणि बाकीच्यांचा विचार करावा. विचार अद्याप चालू आहे. लिंगोपंतांस परत बोलाविले, ते येताच ओरडले, “ही अजून बाहेर? आत हो की!” आणि चोरदरवाजा दगडांनी चिणून घेतला. चिणणारे गवंडी हंगामी होते. पहिले दिवशी दिवे लागणीस भिवराबाई तटाखालच्या खोलीत शिरली, तो ठकू जागी होती आणि भूक लागली म्हणून तिच्यावर ओरडली, आणि बाईस ते ओरडणे फार गोड लागले.

एवंच, लिंगोपंत भले होते असे लिहिणाराचे म्हणणे नाही. मानकोजीचे कपाळावर त्यांच्या लोट्याची खूण आहे. नारोबा वैद्यांनी मात्र नोंदविले आहे की नाडी पुन्हा दोन प्रहरी उतरू लागली. विसोपंतांची कीर्ती ऐकून महाराजांच्याही वरच्या थोरल्या दरबाराने त्यांस बढती दिली आणि तीन गडांचे समाधान त्यांचे हाती सोपविले. तेथे रोज संध्याकाळी खडे सर्व पांढरे निघतात, ऐसे वर्तमान आहे.