लवूजी तांडेल यांची बिल्टीची मोहीम

श्री देव रवळनाथ सहाय. मालवण प्रांतीचे समस्त लॉरीवान, हमाल व चहावाले यांणी सावधचित्ते ऐकावे की, शके अठराशे ऐंशी, विलंबी नाम संवत्सरे, वैशाख मासी राजश्री लवूजी तांडेल यांणी आंब्यांच्या साठ पेट्या घेऊन कोल्हापुरावर स्वारी केली, ते समयी बिल्टी नामक एका कागदाने कैसा प्रसंग गुदरविला, ते घडले तैसे लिहितो. पदरचे मीठ घालीत नाही. घातलेच तर चवीपुरते.

लवूजींचे तीर्थरूप मचव्यावर तांडेल. त्यांचे घरी कागद म्हणोन पंचांग तेवढे. लवूजी मात्र दर्या सोडोन लॉरीवर रुजू जाले आणि ही पहिलीच खेप. मग लॉरीचे धनी गुरुदास शेठ यांणी बिल्टी हाती देऊन हुकूम फर्माविला की, हा मालाचा कागद, मालाबरोबर जपोन न्यावा, आणि एक आंबा जरी कमी भरला तरी लॉरीची चावी आमचे हवाली करोन मचव्यावर परत जावे.

हुकूम शिरसावंद्य. मग लवूजींनी विचार केला की, मुंबईस आंब्याची पेटी धाडिता चिठ्ठी आतील गवतात घालावी, हा आपले मुलखाचा कदीम शिरस्ता. सबब मालाचा कागद मालातच शोभेल. ऐसे मनी आणोन एक पेटी उघडिली, बिल्टी गवतात निजविली आणि वरोन खिळे ठोकिले. धन्य ते शहाणपण!

मग कणकवली मागे टाकोन घाटाचे पायथ्याशी नाक्यावर आले, तो बांबू आडवा. तेथील अंमलदार गंगारामपंत कारकून, मोठे करडे. त्यांणी बिल्टी तलब केली.

लवूजी अदबीने बोलिले, "मालात आसा."

"कोणत्या पेटीत?" पंतांनी पुसिले.

येथे लवूजी पेटीमागोन पेटी न्याहाळो लागले, परंतु साठही पेट्या एका आयेची लेकरे. पंतांचे फर्मान सुटले की, कागद नाही तर गाडी नाही. वर ऊन रणरणते, आत आंबे पिकोन चालले, आणि उदईक सकाळी कोल्हापुरास सौदा. लवूजी मनातून पार भ्याले. मग पहार घेऊन पेट्यांवर तुटोन पडिले, आणि पंत खुर्ची टाकोन तपासणीस बैसले, आणि तपासिता तपासिता दोन आंबे जिभेनेही तपासिले.

सत्तेचाळिसावे पेटीत बिल्टी गवसली. पंतांनी ती लवूजींकडोन मोठ्याने वाचवोन घेतली: माल कोणाचा, जाणार कोणाकडे, पेट्या किती, पेटीस आंबे किती. तेव्हा लवूजींचे डोक्यात उजेड पडिला की, बंदरात बापाचा शब्द चाले, कारण बापास सारे ओळखीत. घाटापलीकडे लवूस कोण पुसतो? तेथे हा कागदच बोलणार.

पेट्या पुन्हा ठोकिल्या, त्यात लवूजींचा अंगठाही ठोकिला गेला, शिक्का बैसला, बांबू उठला. तरी लवूजी हलेनात.

"पंतानू, दोन आंबे कमी आसत, तां कागदार लिवन देवा," ते म्हणाले.

पंत हसोन बोलिले की, दोन आंब्यांचे काय एवढे?

"कागद नाय तर गाडी नाय."

मागे तीन लॉऱ्या, सात बैलगाड्या व एक एस.टी. तुंबली आणि भोंग्यांचा एकच कल्लोळ उठला. मग पंतांनी घाम पुशीत बिल्टीवर लिहिले की, तपासणीत दोन आंबे खर्ची पडले, आणि खाली सही केली.

कोल्हापुरी आडत्याने मोजदाद केली, दोन कमी भरले, लवूजींनी बिल्टी पुढे केली आणि आडत्याने मान डोलाविली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाली. आमचेकडील एक अंगठा जखमी, आंबे दोन कामास आले, आणि चावी लवूजींचे कमरेस कायम. लेखनसीमा.