अंड्यांची धुरी

आमच्या शेजारचे भानुदासमामा दर रविवारी सकाळी गच्चीवर अंड्यांना धुरी द्यायचे. धूर नव्हे हो, धुरी! बाळ-बाळंतिणीला देतात ती. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, शेपा, लसणाची सालं आणि चिमूटभर ऊद. हे मी ऑफिसात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बायका म्हणाल्या, "तुला ऊन लागलंय, जा, पाणी पी." म्हणायला काय जातंय! त्या वर्षी आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं.

अंडीही साधी नव्हती. मामा लष्कराच्या छावणीत ऑफिसर लोकांच्या मेसमध्ये खानसामा होते, तिथूनच रिटायर झाले. तिथं ते एक साहेबी पदार्थ शिकले होते, स्कॉच एग. उकडलेलं अंडं सोलायचं, मसाल्याच्या खिम्यात चहूबाजूंनी गुंडाळायचं आणि तळायचं. मामा मात्र तळायचे नाहीत. "तळणं म्हंजी घाई, म्याडम. धुरावर शिजू द्या. बसा निवांत." तेलाच्या रिकाम्या डब्यात तळाशी निखारे, मध्ये जाळी, जाळीवर अंडी, वर झाकण. तास-दीड तास मामा त्या डब्यासमोर उकिडवे बसायचे. मी मोठ्यानं बोलले की ओठांवर बोट ठेवायचे. आत कुणी झोपलं होतं की काय देव जाणे.

मामांचं गाव करमाडच्या पलीकडं. मेंढरांमागं फिरणारं घराणं. मिसरूड फुटायच्या आत मामा तिथून छावणीत आले ते मेसच्या चुलीपाशीच रुजले. बायको, सुमनताई, बरीच वर्षं गावाकडंच होत्या. पुढं जालना रोडला आमच्या कॉलनीत घर झालं आणि त्या इकडं आल्या. आम्ही राहायला आलो तेव्हा खिडकीतून ज्वारी दिसायची. मग दुष्काळाची वर्षं लागली. विहिरी आटल्या, ज्वारीच्या जागी प्लॉट पडले आणि प्लॉटांवर सहा-सहा मजले चढले. त्याच धांदलीत सुमनताई गेल्या. मागं मामा आणि एक मुलगी, मंगल. ती फर्दापूरला दिलेली. लेण्यांच्या वाटेवर जावयाचं दुकान आहे.

तर त्या मंगलला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. पण विहीणबाईंनी फोनवर साफ सांगितलं, "घरात बाई नाय, नळाला पाणी नाय. पोरगी कुणाच्या भरवशावर धाडू?" खोटं काय बोलल्या? पण मामांना ते लागलं. त्याच संध्याकाळी वही-पेन घेऊन ते माझ्या दारात हजर.

"म्याडम, बाळंतपणाला काय काय लागतं तेवढं सांगा."

"मामा, तुम्ही करणार?"

"मंग कोन? आई नाय तर बाप हाय की."

मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "भलतंसलतं डोक्यात घेऊ नका. चांगली बाई लावा." मामा म्हणाले, "मालिशला लावतो. पण धुरी मी देनार. लेकराला गुंडाळनार बी मीच." एवढं बोलून पेनाचं टोपण काढून बसले. मग काय करता! माझ्या आईनं माझं केलं होतं ते आठवून आठवून सांगायला लागले.

"धुरीला ओवा मूठभर..."

"कुणाची मूठ?"

"अहो, माझ्या आईची."

"त्या कुठं असतात?"

"वारली ती."

मामांनी पेन खाली ठेवलं. "मंग माप गेलं की, म्याडम. आता आपल्यालाच बसवावं लागंल."

आणि ते माप त्यांनी अंड्यांवर बसवायला घेतलं! खानसाम्याला दुसरं येतंय काय? शिजवून बघितल्याशिवाय त्यांच्या डोक्यात काही शिरायचंच नाही. मेसमध्ये पेरूच्या लाकडाचा धूर द्यायचे, इथं बाळंतिणीचा. अंड्यावर खिमा थापायचे तोसुद्धा असा की पायाकडं घट्ट, छातीकडं सैल. आता अंड्याला कुठली आलीय छाती! पण मामांना ती दिसायची. अंडी उकडलेलं पाणी कोमट झालं की त्यात कोपर बुडवून बघायचे, बाळाच्या न्हाण्याचं बघतात तसं, आणि मग त्याच पाण्यात भांडी विसळायचे. त्या वर्षी पाणी फेकायची कुणाची टाप होती?

चाखायला मी. पहिल्या रविवारी घास घेतला आणि तोंडात थेट माझ्या बाळंतपणाची खोली उतरली. दुसऱ्या रविवारी असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. मामा पाणी द्यायचं सोडून वहीत लिहीत होते. "ऊद लई झाला. लेकराला सोसायचा नाय."

"आणि मला सोसतो काय हो?"

"तुमी थोर हायसा."

चौथ्या-पाचव्या रविवारी मात्र ते अंडं असं काही जमलं की काय सांगू! खिमा मऊसूत, आत बलक पिवळाधमक आणि मागून ओव्याची हलकी ऊब. मी दोन खाल्ली. तिसरं पदराखाली घरी नेलं. पण माझ्या साड्यांना तो वास असा बसला की ऑफिसातल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. अहो, पन्नाशीला टेकलेली बाई मी, मला कुठलं आलंय बाळंतपण! समोरच्या सहा मजलीतले एक गृहस्थ धुरासाठी भांडायला आले होते. मामांनी त्यांना डब्यातलं एक गरम अंडं दिलं. पुढच्या रविवारी ते घरून बशी घेऊन आले.

सातवा सरता सरता विहीणबाई स्वतः घर बघायला आल्या. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. फाटकातच थांबून त्यांनी हवा हुंगली. "कुणाच्या घरात बाळंतीण हाय?"

"कुनीबी नाय," मामा हरखून म्हणाले, "अंडी हायत!"

विहीणबाईंनी नाकाला पदर लावला. मी कपाळावर हात मारला. झालं, म्हटलं, इतक्या रविवारांची मेहनत मातीत! बाई आत आल्या, पिंपांची झाकणं उघडून बघितली, मोरी बघितली, खुर्ची चुलीपासून लांब ओढून बसल्या.

"लेकरू गुंडाळता येतं का तुमाला, दादा?"

मामांनी इकडंतिकडं बघितलं. भाजीच्या टोपलीत एक दुधी होता. तो उचलला, सुमनताईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पलंगावर पसरला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दुधी गुंडाळून विहीणबाईंच्या मांडीवर ठेवला. ठेवताना त्याच्या मानेखाली हात दिला हो! दुध्याच्या मानेखाली! बाईंनी गाठ तपासली, बोट घालून कितपत सैल ते बघितलं.

"कुणी शिकवलं?"

"खिम्यानं."

बाई हसू दाबून म्हणाल्या, "पाण्याचं काय? रोज न्हाऊ लागतं."

आणि मी, कुणी विचारलेलं नसताना, बोलून गेले, "आमची टाकी आहे की." नवरा महिनाभर माझ्याशी धड बोलत नव्हता.

पुढच्याच आठवड्यात मंगल आली. वेळेवर दवाखान्यात मुलगी झाली, गोरीगोमटी, डोकं भरून जावळ. मामांनी घरी शेगडी माती लावून तयार ठेवली होती. ओव्याच्या पुड्या बांधून, वर माप लिहून ठेवल्या होत्या. घरी सोडताना डॉक्टरीणबाई सगळं समजावत होत्या आणि मामा मान डोलावत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि हे बघा, धुरी-बिरी अजिबात द्यायची नाही. बाळाच्या छातीला धूर चालत नाही."

मी मामांकडं बघायचं टाळलं. मामा एवढंच म्हणाले, "बरं जी." घरी आल्यावर शेगडी उचलून गच्चीवर ठेवली, पुड्या फळीवर चढवल्या. मला वाईट वाटलं, खूपच वाटलं.

बाळाला गुंडाळायचं तरी होतं ना? पण तेही नाही. मालिशवाली बाई बाळ पुढं करायची आणि मामा म्हणायचे, "तुमीच करा, माझ्या हाताला कांद्याचा वास येतोय." दिवसभर स्वयंपाकघरात. सकाळी पेज, दुपारी मेथीचे लाडू, संध्याकाळी सूप. चार घरं जेवतील एवढं रांधायचे, उंबऱ्यातून एकदा डोकवायचे की परत आत.

बाराव्या दिवशी सकाळी मी पाण्याची कळशी घेऊन गेले. मंगल पलंगावर बसली होती, बाळ मांडीवर. मामा अळिवाच्या खिरीचं दूध गॅसवर ठेवून दारात उभे होते.

"अप्पा," मंगल म्हणाली, "त्या धुरीसाठी एवढा जीव का टाकत होता ओ? माझ्या येळंला तुमीच दिली होती का?"

मामांनी मागं गॅसकडं बघितलं. मला वाटलं आता परत आत जाणार.

"नाय गं," ते म्हणाले. "तू झालीस तवा तुझी आई मेंढरांच्या तळावर होती. लांब, गोदागंगेच्या काठाला. मी छावणीत. निरोप आला त्या दिवशी मेसमधी बडाखाना होता, मोठी दावत. माझ्या हातात हाच खिमा. साहेब म्हनले, दावत झाली की जा. ती झाली तर म्होरली आली. मला बी वाटलं, आपल्यावाचून मेस अडतंय." त्यांनी खांद्यावरच्या पंचानं हात पुसले. हात कोरडेच होते. "मी आलो तवा तुला दात आलते. मला बघून तू भोकाड पसरलंस. तुझ्या आईनं सगळं एकटीनं केलं, धुरी बी तिनंच दिली. मला कधी बोलली नाय. तुला बी नाय सांगितलं?"

"नाय."

"चांगली होती ती," मामा म्हणाले. "दूध बघतो." आणि वळले.

"अप्पा, आज कुठं बडाखाना हाय?" मंगल म्हणाली. "बसा की हितं."

मामा परत आले. पलंगाच्या कडेला जेमतेम टेकले. मंगलनं बाळ त्यांच्या हातांत दिलं आणि त्यांनी मानेखाली हात घातला. बाळानं एक डोळा उघडून त्यांच्याकडं बघितलं. रडलं नाही.

स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. मग खीर लागल्याचा वास यायला लागला, करपली, घरभर धूर झाला. जन्मभर खानसामा असलेला माणूस, पण जागचा हलला नाही. शेवटी मीच आत गेले आणि गॅस बंद केला.