मेरीची पेटी आणि माझा संसार

इंग्रजी शिकवावं तर मीच! पूर्णेहून रोज पॅसेंजरनं खेड्यातल्या शाळेत येते आणि दहावीच्या पोरांकडून टेन्स असे घोटून घेते, की झोपेत कूस बदलतानाही 'हॅड गॉन' म्हणतील! आणि गोष्ट शिकवण्यात तर माझा हात कुणी धरू शकत नाही.

परवा अशीच एक गोष्ट घेतली. नवरा जेवताना अवाक्षर बोलत नाही, म्हणून मेरी पेटी उचलते आणि स्टेशनावर जाऊन बसते. गोष्ट तिथंच संपते. मी ऐटीत म्हटलं, "आता तिनं काय करावं? घरी मोठ्या माणसांना विचारून या!"

पोरांनी इमानेइतबारे विचारलं. मेरीचं नाव तेवढं वाटेत गळालं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकातच प्रियांकाच्या आजीनं, धुरपताबाईंनी, मला पोटाशी धरलं.

"लेकरा, नवरा बोलत न्हाई म्हनून कुनी घर सोडतंय व्हय? पोरगी म्हनली, मॅडम इचारायल्यात काय करावं. मी सोताच बघितलं की तुला स्टेशनात बसल्याली!"

"अहो आजी, मी गाडीची वाट बघत होते!"

"तेच म्हनते मी! कुठं चालली व्हतीस?"

तेवढ्यात शाळा समितीचे दत्तराव आले. "मॅडम, काळजी करू नका. पाव्हण्यांना फोन केलाय. निघालेत."

पाव्हणे म्हणजे आमचे हे, नागेशराव. रेल्वेत आहेत. ड्यूटी सोडून धापा टाकत आले, तर व्हरांड्यात सतरंजी आणि सतरंजीवर अख्खी समिती! मला वाटलं, आता हे भडकणार, गावभर शोभा होणार, नांदायचीही पंचाईत आणि नोकरीचीही!

"अहो, ती नुसती गोष्ट..." मी सुरुवात केली.

"तुमी थांबा," दत्तराव म्हणाले. "पाव्हणं, खरं सांगा. जेवताना बायकोसंगं बोलता का न्हाई?"

ह्यांनी मान खाली घातली. "न्हाई. मोबाईल बघतो."

मी उघडलेलं तोंड मिटलं. मेरीचं काय, नंतर सांगता येईल!

"आजपासून ताटावर मोबाईल बंद. कबूल?"

"कबूल. रोहिणी, चुकलंच माझं."

खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी जाऊन हौसेनं भरली वांगी केली. ह्यांनी मोबाईल लांब कपाटावर ठेवला. मी हरखून समोर बसले.

पहिल्या घासाला म्हणाले, "मीठ कमी हाय."

दुसऱ्याला म्हणाले, "मसाला कच्चा राहिलाय."

तिसऱ्या घासाला त्यांना आईच्या हातची वांगी आठवली.

चौथ्या घासाला मी मुकाट्यानं उठले, कपाटावरचा मोबाईल काढला आणि त्यांच्या ताटाशेजारी आणून ठेवला.